असल्या लोकांत

"मॅडम, ह्या बाई तुमच्यासारख्याच दिसायल्यात की," असं म्हणत बसवराज सरांनी मोबाइल टेबलावरून पुढं सरकवला. स्क्रीनकडं बघायच्या आधीच वर्षाराणीनं आवाज ओळखला. दोन बॅचच्या मधली चहाची वेळ होती. स्टाफरूममध्ये चार-पाच जण होते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो आवाज पत्र्याच्या डब्यात कुत्रं कोंडल्यासारखा येत होता. लाल उजेडात मोकळ्या केसांची एक बाई मान पुढं काढून, तोंड वासून, गळ्याच्या शिरा ताणून गुरगुरत होती. मागं पाठमोरा एक माणूस गिटारवर वाकला होता. "रिपीटर बॅचच्या ग्रुपवर फिरायलंय सकाळपासून," बसवराज सर म्हणाले. ते फिजिक्स शिकवायचे, माणूस साधा, मनात काही न ठेवणारा. "पोरं म्हणायलीत, बायोच्या मॅडम हायत. मी म्हणलं, गप बसा रे." सगळे हसले, आणि वर्षाराणीही हसली. मोबाइल परत सरकवत ती म्हणाली, "मी? असल्या लोकांत मी कशाला जाईन, सर?" बोलणं सहज झालं, हसणंही चांगलं झालं. शाहू चौकातल्या होर्डिंगवर तिचा जो हसरा फोटो होता तसलंच ते हसणं होतं. ते अजून ओठांवर असतानाच कपाटाच्या मागून, जिथं वर्गांचे अॅम्प्लिफायर ठेवलेले असतात तिथून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन जलील उभा राहिला.

जलील नांदेडचा. त्याचं देगलूर नाक्याजवळ साउंड सिस्टिम भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं. लातूरच्या क्लासेसची कामं मिळायलीत असं तो मागं एकदा म्हणाला होता, पण कोणत्या क्लासची ते तिनं विचारलं नव्हतं. त्या व्हिडिओतला पाठमोरा माणूस तोच होता. त्यानं तिच्याकडं नेमकं तेवढंच बघितलं, जेवढं कामाला आलेला माणूस क्लासच्या मॅडमकडं बघतो. "सर, झालं बघा काम. कनेक्शन लूज होतं," तो बसवराज सरांना म्हणाला. मग खिशातून कॉलर माईक काढून तो त्यानं टेबलावर ठेवला. तिच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. "मॅडम, जरा चेक करता का? काहीतरी बोला." तिनं माईक उचलला आणि हॅलो म्हणाली. पलीकडच्या रिकाम्या वर्गात तिचा हॅलो घुमला. "थोडं मोठ्यानं, मॅडम," जलील म्हणाला. दोन वर्षं हा माणूस तिला उलटं सांगत आला होता, की माईक खाऊ नका बाई, थोडं लांब धरा, भिंती पडतील. तिनं पुन्हा हॅलो म्हटलं, मघापेक्षाही हळू. "ठीक हाय," तो म्हणाला. पिशवीची चेन लावून, सगळ्यांना सारखाच सलाम करून तो निघून गेला. वायरचा एक तुकडा तिथंच पडला होता. बसवराज सरांनी तो पायानं बाजूला सारला आणि पोरगा कामाला चांगला हाय म्हणाले.

पुढच्या तासाला तिनं मूत्रपिंड शिकवलं. चांगलं शिकवलं, कारण हात आपोआप फळ्यावर नेफ्रॉनची नळी काढत होता आणि तोंड आपोआप बोलत होतं. कॉलर माईकमधून येणारा तिचा आवाज वर्गाच्या मागच्या स्पीकरमधून तिलाच ऐकू येत होता. स्वच्छ, समजूतदार आवाज, पालकांना आवडणारा. तिला आत कुठंतरी कान गरम झाल्यासारखं वाटत होतं. राग आला की तिचे कान गरम होत, पण हा राग नव्हता. घरी जाताना चौकात सिग्नलला स्कूटी थांबली आणि वर होर्डिंगवर ती स्वतः दिसली. पिन लावलेली ओढणी, हातात पेन, नावाखाली जीवशास्त्र. ह्या बाईला गावातल्या कुणीही आपली पोरगी निर्धास्त सोपवावी असा चेहरा होता. तिनं मान खाली घातली आणि हिरवा दिवा लागायची वाट बघितली.

घरी संगमेशनं, तिच्या नवऱ्यानं, चहा करून ठेवला होता. दुकान लवकर बंद केलं की तो चहा करायचा. त्याचं कापडाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांना तो कौतुकानं सांगायचा की आमच्या हिला गाण्याचं लई वेड हाय, दर रविवारी नांदेडला जाते शिकायला. हे खोटं नव्हतं. गाणं म्हणजे काय ते त्यानं कधी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर तंबोरा, सतरंजी, कुणी पांढऱ्या केसांचे गुरुजी असं काहीतरी असणार. "चेहरा का उतरलाय?" त्यानं विचारलं. "माईक बिघडला होता, ओरडून ओरडून घसा बसला," ती म्हणाली. हेही इतकं पटकन तोंडातून आलं की तिची तिलाच भीती वाटली. त्यानं हळद घालून दूध गरम केलं. घशाला काहीही झालेलं नसताना त्याच्यासमोर बसून तिला ते सगळं प्यावं लागलं.

घसा. तिचं सगळं तिथूनच सुरू झालं होतं. उदगीरला शाळेत असताना ती खरंच गोड गायची. वडील, माणिकप्पा, भांड्यांच्या दुकानात आल्या-गेल्याला तिला गायला लावायचे. वचनं, भजनं, काय येईल ते. पितळी पातेल्यांच्या चळतींमध्ये उभं राहून ती गायली की पातेलीसुद्धा बारीक गुणगुणायची. मग लातूरला मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा झाली. वरच्या षड्जावर जाताना तिचा आवाज फुटला. नुसता चिरकला नाही, तर मधोमध फाटला आणि त्यातून दुसराच एक आवाज बाहेर आला, जाडा, खरखरीत, म्हाताऱ्या माणसासारखा. हॉल हसला. तिनं डोळे उघडले तेव्हा वडील खुर्चीवरून उठून दाराकडं निघाले होते. ते रागावले नाहीत. परतीच्या बसमध्ये त्यांनी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली, "पाणी पी," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर दुकानात त्यांनी तिला कधी गायला लावलं नाही. ते काही बोलले असते तर ती कदाचित विसरली असती. पण त्या हसण्यापेक्षा, त्या पाठमोऱ्या चालण्यापेक्षाही मोठी एक गोष्ट होती जी तिनं कुणाला सांगितली नाही. तो फाटका आवाज बाहेर पडला त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. छातीवरचा दगड उचलावा तसं. लोक हसायच्या आधीचा तो एवढासा क्षण तिला आठवायचा आणि दर वेळी लाज वाटायची, आवाज फुटल्याची नाही, बरं वाटल्याची.

मग औरंगाबादला एम.एस्सी. करताना होस्टेलमध्ये बाजूच्या कॉटवरच्या मुलीनं गंमत म्हणून तिच्या कानात इअरफोन घातले. गिटारींचा गडगडाट, ढोलांची धाड धाड, आणि त्यात कुणीतरी परदेशी माणूस घशाच्या तळातून गुरगुरत होता. ती मुलगी हसत होती. वर्षाराणी कॉटवर ताठ बसली होती. तोच आवाज. तिचा फुटलेला आवाज. पण ह्या माणसानं तो मुद्दाम काढला होता, आणि समोरचे लोक हसत नव्हते, हात वर करून नाचत होते. पुढं कित्येक महिने ती होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं उशीत तोंड खुपसून तो आवाज शोधत राहिली. जीवशास्त्राची होती, त्यामुळं स्वरयंत्राच्या आकृत्या समोर ठेवून शिकली. खऱ्या स्वरपट्ट्यांच्या, म्हणजे स्वरतंतूंच्या, वर आणखी दोन पट्ट्या असतात, एरवी गाताना त्यांचं काही काम नसतं. हा आवाज त्यांच्यातून काढायचा, म्हणजे खालच्यांना धक्का लागत नाही. घसा दुखला तर समजायचं की चुकलं. नोकरी लागली, लग्न झालं, होर्डिंग लागलं. उशी तेवढी राहिली.

जलील तिला भोकरला भेटला, संगमेशच्या मावसबहिणीच्या लग्नात. जेवणावळी उठायच्या होत्या, मंडपात कुणी नव्हतं आणि साउंडवाला स्पीकर तपासायला म्हणून बारीक आवाजात तसलंच गुरगुरणारं काहीतरी लावून बसला होता. ती तिथून जाताना थांबली आणि तिनं बँडचं नाव सांगितलं. तो दचकून उठला. त्यानं पहिलं काम केलं ते आवाज बंद करायचं. "तुम्ही ऐकता हे?" त्यानं विचारलं. "ऐकते," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाला पुढचंही सांगून टाकलं, "करते पण." महिन्याभरानं ती नांदेडला त्याच्या दुकानामागच्या गोदामात उभी होती. ड्रमवर हमजा होता, त्याचा मावसभाऊ, जो आधी तबला शिकला होता आणि रूपक तालाच्या सात मात्रा दोन्ही पायांनी पेडलवर अशा काही काढायचा की जमीन चालायला लागली असं वाटायचं. जलीलचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात चौकात अडकली की गाणं संपवता यायचं नाही, पुढं काही ठरलेलं नसायचं, मग ते त्याच गाण्याला एका टोकानं धरून दुसऱ्याच गल्लीतून बाहेर काढायचे. लोकांना वाटायचं तेच गाणं चाललंय. "मी मोठा झाल्यावर नेटवर जॅझ ऐकलं," जलील म्हणायचा, "आणि म्हणलं, अरे, अब्बा हेच करायचे की. फक्त ह्यांना बसायला खुर्च्या हायत." त्यानं गिटारच्या तारा ढिल्या करून सूर पार खाली आणला होता. तिघं मिळून मारवा राग घ्यायचे. मारव्यात षड्जावर टेकायचं नसतं, त्याच्या भोवती फिरत राहायचं, घर दिसतंय पण आत जायचं नाही असं. जलील एक ओळ टाकायचा आणि मधेच, नको तिथं, अर्धी मात्रा आधी थांबायचा. तिथं तिनं उडी घ्यायची. कधी आलापात, कधी त्या फाटक्या आवाजात. काय येणार ते तिलाही माहीत नसायचं. पडलीच तर तो खालून तिला गिटारवर झेलायचा. तो तिला बाई म्हणायचा, शाळेतली पोरं म्हणतात तसं. दोन वर्षांत ह्या माणसासमोर तिला कधीही स्वतःचं तोंड कसं दिसत असेल असा विचार आला नव्हता.

आणि ती म्हणाली होती, असल्या लोकांत. तो आठवडाभर हे दोन शब्द तिच्या तोंडातून गेले नाहीत. दात घासताना, पेपर तपासताना ते जिभेवर यायचे. ती स्वतःशी वाद घालायची. मला तसल्या गाण्याबद्दल म्हणायचं होतं. मग गाणं का नाही म्हणालीस? घाबरून तोंडातून गेलं. घाबरल्यावर हेच का गेलं? नाही, मी नव्हे, एवढं म्हणून भागलं असतं. बसवराज सरांनी तेवढ्यावर सोडलं असतं. पण नुसतं नाही म्हणणं तिला पुरेसं वाटलं नव्हतं. आपण किती लांबच्या आहोत हे दाखवायला तिनं कुणाला तरी खाली ढकललं होतं. आणि 'असल्या' हा शब्द तिला शोधावाही लागला नव्हता. तो तयार होता. उदगीरच्या दुकानात, घरात, लग्नकार्यात तो सहज वापरला जायचा, कुणाला शिवी न देता, आवाज न चढवता. असल्या लोकांकडून माल नको. असल्या लोकांच्या गल्लीतून येऊ नको. ती त्या शब्दापासून खूप लांब निघून आली होती असं तिला वाटायचं. दर रविवारी लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसून, अहमदपूर, लोहा मागं टाकत, ती आणखी लांब जात होती. आणि तो शब्द घशातच होता, खालच्या दोन स्वरपट्ट्यांसारखा, धक्का न लागता. जलीलनं तो ऐकला होता आणि माईक टेबलावर ठेवला होता.

रविवारी ती गेली. न जाण्यानंच जास्त सांगितलं गेलं असतं म्हणून गेली. गोदामात हमजा उड्या मारत होता, कारण हैदराबादच्या एका महोत्सवाचं बोलावणं आल्यातच जमा होतं, फक्त त्यांना एक नवा व्हिडिओ हवा होता. "या, मॅडम," जलील म्हणाला. "मॅडम काय रे?" हमजा हसला. जलीलनं हमजाला काही सांगितलेलं नाही हे तिला त्या हसण्यावरून कळलं. त्यानं तिच्यासाठी स्टुलावर पाणी ठेवलं होतं, माईक तिच्या उंचीला लावला होता. तंबोऱ्याचं अॅप सुरू केलं. आणि मग तो अतिशय चांगला वाजवत राहिला. त्या दिवशी त्यानं कुठंही नको तिथं थांबून तिला पाडलं नाही. बसमध्ये बाईमाणूस आलं की उठून जागा द्यावी तशी त्यानं दर आवर्तनाला तिला मोकळी, स्वच्छ जागा करून दिली आणि स्वतः मागं सरकून उभा राहिला. तिनं तोंड उघडलं. तिला तो आवाज काढायचा होता, तो आत कुठं असतो तेही तिला ठाऊक होतं. बाहेर आला तो गोड आलाप. पितळी पातेल्यांमधला. सुरेल, गोल, कुठंही न फाटणारा. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा तेच आलं. वरचा षड्जसुद्धा लागला, जो मारव्यात असा छातीठोक लावायचा नसतो. हमजानं काठ्या खाली ठेवल्या. "आपा, आज लई गोड," तो मनापासून म्हणाला. जलीलनं वाकून अॅम्प्लिफायरचं बटण शून्यावर आणलं. "हेच पाठवू व्हिडिओत," तो म्हणाला. "हे तिकडं क्लासवर कुणी बघितलं तरी चालंल, मॅडम. ह्यात काय न्हाई." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं तो शोधला. टोमणा असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथंच, तेव्हाच माफी मागायची असं तिनं बसमध्ये ठरवलं होतं. पण माफी मागायची तर हमजासमोर मागावी लागणार होती, आणि मग आपा असं काय म्हणाल्या ते हमजाला कळलं असतं. तिनं पाणी पिऊन बाटली पर्समध्ये टाकली आणि बस चुकेल म्हणाली.

पुढच्या रविवारी जलील गोदामात नव्हता. "घरी हाय. म्हणला, तुम्ही दोघं करा," हमजानं सांगितलं. त्याला आता काहीतरी खटकायला लागलं होतं, पण त्यानं विचारलं नाही. ती घराचा पत्ता विचारून निघाली. दोन वर्षांत ती ह्या गल्लीत एकदाही आली नव्हती आणि त्यानंही कधी बोलावलं नव्हतं. दुपारची उन्हं होती. निळ्या दाराच्या घरात, अंगणातल्या लिंबाखाली एक म्हातारी बाई पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. दगडावर चिंच ठेवायची, हातोडीनं एक ठोका, चिंचोका बाजूला. "किसके वास्ते आए?" तिनं हात न थांबवता विचारलं. ही शहजादी, जलीलची आई. जलील आतून बाहेर आला, टॉवेलनं तोंड पुसत, आणि वर्षाराणीला बघून टॉवेल तसाच धरून उभा राहिला. तिला वाटलं होतं की तो दार लावून घेईल, निदान तोंड फिरवेल. तो आईला म्हणाला, "अम्मी, लातूर के मॅडम हैं. क्लास के. माईक का काम है इनका." आणि तिच्याकडं बघून पुढं म्हणाला, "बसा ना, मॅडम." तिला कुणीतरी हात धरून पुलावरून पलीकडं न्यावं तसं त्यानं तिला त्या दारातून आत घेतलं होतं. फक्त मान डोलवायची होती. माईकचं काम. चहा पिऊन उठायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "माईकचं नाही. मी ह्यांच्यासोबत गाते. दोन वर्षं झाली. हे गिटार वाजवतात, मी गाते." ती भराभर बोलली, अडली तर पुन्हा जमणार नाही म्हणून, आणि म्हातारीकडं बघून बोलली, कारण त्याच्याकडं बघवत नव्हतं. "आमच्या क्लासवर लोकांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. ह्यांच्यासमोर म्हणाले. असल्या लोकांत मी जात नाही असं म्हणाले. ते सांगायला आले." बोलून झालं आणि तिच्या छातीवरचा दगड हलला. बरं वाटलं. तेवढ्यात हातोडीचा ठोका थांबल्याचं तिच्या लक्षात आलं. शहजादी तिच्याकडं बघत नव्हती, मुलाकडं बघत होती. "बाजा बेच दिया बोला था ना तू," ती म्हणाली. जलीलनं टॉवेल खांद्यावर टाकला. "अब्बा के जनाजे के बाद बोला था. अम्मी, अब घर में बाजा नक्को, मशीन का काम करता मैं, बोला था." तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त आठवून बघत होती, शब्द बरोबर आहेत का ते. वर्षाराणीला कळायला वेळ लागला. लग्नाच्या बँडवाल्याच्या घरात ह्या बाईनं काय काय ऐकून घेतलं असेल, कुणी काय म्हणालं असेल, तो मुलगा का दुकानात वाजवतो, घरी का नाही, गिटार कायम गोदामातच का असते, हे तिनं दोन वर्षांत एकदा विचारलं असतं तर तिला समजलं असतं. तिनं विचारलं नव्हतं. आता स्वतःला मोकळं करायला तिनं त्याला त्याच्याच अंगणात उघडं पाडलं होतं.

"बजाता क्या अब भी?" शहजादीनं विचारलं. "हाव," जलील म्हणाला. शेजारच्या भिंतीवरून एका बाईनं डोकावून बघितलं आणि ती तिथंच राहिली. शहजादीनं हातातली चिंच टोपलीत टाकली आणि वर्षाराणीकडं वळली. "और तुम? क्या गाते तुम? कव्वाली? गजल?" "नाही, ते वेगळं असतं," ती म्हणाली. "क्या वेगळं?" तिनं जलीलकडं बघितलं. त्यानं मदत केली नाही आणि अडवलंही नाही. तो जमिनीकडं बघत होता. "सुनाव फिर," शहजादी म्हणाली. "आए हो तो सुनाव." दुपारचं लख्ख ऊन, ना माईक ना ड्रम, अंगावर ओढणीला पिन लावलेला क्लासचा ड्रेस. तिनं मारव्याचा खालचा निषाद मनात धरला, तिथून कोमल रिषभावर आली, आणि त्याच्यावर टेकता टेकता घसा सोडून दिला. तो आला. जाडा, फाटलेला, पोटाच्या तळातून ओढत आलेला. भिंतीवरच्या बाईचं डोकं झटकन खाली गेलं, लिंबावरचे पक्षी उडाले, आणि तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. वासलेलं, वाकडं, सगळ्यांसमोर. तिनं डोळे मिटले नाहीत. श्वास संपला तेव्हा थांबली.

"दुखता नै क्या गे?" शहजादीनं हळू विचारलं. "नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि आत गेली. आतून स्टोव्हचा, भांड्यांचा आवाज यायला लागला. जलील भिंतीला टेकून खाली बसला. "आता तुम्हाला बरं वाटत असंल," तो म्हणाला. कपाटामागून उठल्यापासून आजपर्यंत तो तिच्याशी असं सरळ पहिल्यांदाच बोलत होता. "मघाशी वाटलं," ती म्हणाली. "आता नाही." त्यानं मान हलवली, जणू हिशोबात हेच यायला हवं होतं. "मी पण सांगणार होतो अम्मीला," तो म्हणाला. "कवा ते न्हाई ठरवलं. पण मीच सांगणार होतो." तिला माफ कर म्हणायचं होतं, आणि आता ते कोणत्या गोष्टीसाठी म्हणायचं तेच कळत नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "हाव," तो म्हणाला. "चुकलं." त्यानं ते कमी केलं नाही, जास्तही केलं नाही.

शहजादी चहा घेऊन आली. दोनच कप होते, एक तिनं वर्षाराणीला दिला आणि दुसरा घेऊन स्वतः पोत्यावर बसली. जलीलला दिला नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यानं मागितला नाही. भिंतीवरची बाई आता आणखी एकीला घेऊन परत आली होती आणि दोघी हनुवट्या टेकवून बघत होत्या. शहजादीनं बशीत चहा ओतला, फुंकून एक घोट घेतला. "फिरसे करो," ती म्हणाली. वर्षाराणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मघा मैं डर गई," शहजादी म्हणाली, "सुनी नै." मग मुलाकडं न बघताच, हातातल्या बशीनं त्याच्या दिशेला खूण करत तिनं विचारलं, "इसका बाजा कितने दूर है?" जलील उठून उभा राहिला. दाराशी जाऊन चपला पायात सरकवताना तो थांबला आणि वर्षाराणीकडं बघून म्हणाला, "मी येईपर्यंत सुरू करू नका, बाई," आणि गल्लीत उतरला. ती कप हातात धरून बसली. भिंतीवरच्या बाया तिच्याकडं बघत होत्या, तिचा चेहरा तापला होता, कान जळत होते. तिनं ओढणी सारखी करायला हात उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला.